चिठ्ठीवाचून काढलेला फोटो

मास्तरणीला हल्ली कशाचाच उत्साह नव्हता, आणि बॅचच्या संमेलनाचा तर त्याहून नव्हता. पंचवीस वर्षांनी एकत्र जमून करायचं काय, तर कोणाचं पोट किती सुटलं आणि कोणाच्या डोक्यावरचं किती गेलं ते बघायचं. ते फोनवरच्या ग्रुपमध्ये रोज फुकटात दिसत होतं. पण गिरणीने एकदा मनावर घेतलं की तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. गिरणी म्हणजे त्यांच्याच वर्गातली. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून पहिल्याच महिन्यात तिला ते नाव पडलं. आणि जो दिसेल त्याच्या चुका काढत फिरणारीला मास्तरीण पडलं. खरी नावं हजेरीपुरती उरली.

वर्ग होता एक्स-रे टेक्निशियनचा. चाळीस जण होते. त्यांतली मास्तरीण आता एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागाची मुख्य होती, म्हणजे पूर्वी जे काम करायची तेच करायचं आणि वर इतरांच्या रजांचे अर्जही बघायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पस्तीस-चाळीस छात्या व्हायच्या. हनुवटी वर करा, खांदे पुढे टाका, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. पुढचे या. तिचा नवरा म्हणायचा, तू मला हाक मारतेस तीसुद्धा अशी की मी जागच्या जागी श्वास रोखून उभा राहतो. पूर्वी ती यावर हसायची. आता गुडघे दुखत असत, शिशाच्या ॲप्रनने खांदे उतरलेले असत, आणि हसायचं म्हटलं तरी त्यासाठी वेगळी ताकद काढावी लागायची.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उस्तादाचा निरोप आला. उस्तादाने एक्स-रेचा डिप्लोमा घेतला आणि दुसऱ्याच महिन्यात त्यावर पाणी सोडून लग्नाचं शूटिंग सुरू केलं होतं. त्याचं लिहिणं बोलण्यासारखंच असायचं. ‘मास्तरीण, कपाट आवरताना आपली टेप सापडली. साफसूफ करून घेतली. असली क्लिअर झालीये की तुझ्या नाकावरचा घाम दिसतो. रविवारी मोठ्या पडद्यावर लावतोय. आधी तू बघ, नाहीतर चारचौघांत माझ्या चुका काढशील.’

फोनच्या पडद्यावर तिला मुंग्याच दिसल्या असत्या. चष्मा घरी राहिला होता. म्हणून तिने तो व्हिडिओ एक्स-रे बघायच्या खोलीतल्या मोठ्या मॉनिटरवर लावला, दार लोटलं आणि डबा उघडून बसली.

तिसऱ्या वर्षाला असताना एक प्रेमगीत फार गाजत होतं. गायक बिचारा विरहाने इतका कासावीस की प्रत्येक कडव्यात त्याचा श्वास थांबायचा. दुकानात, बसमध्ये, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये, जिथे जावं तिथे याचा श्वास थांबलेलाच. एक दिवस कँटीनमध्ये वर्गातला लंबू म्हणाला, “अरे, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस दिसतोय. दिवसभर श्वासच थांबवतोय!” झालं. तिथल्या तिथे बिलाच्या मागे गाण्याचं विडंबन लिहून झालं. लंबू नायक, गिरणी मागून गाणार, उस्तादाकडे मामाचा कॅमेरा. नायिका व्हायला कोणी तयार होईना म्हणून मास्तरणीच्या गळ्यात ते लोढणं पडलं.

*श्वास भरून घे सखे, हलू नको तू जरा,*
*चिठ्ठीवाचून काढ ना या छातीचा फोटो खरा.*

आता मॉनिटरवर ती एकवीस वर्षांची होती. गुडघ्यापर्यंत शिशाचा ॲप्रन घातलेली, त्याच्या ओझ्याने नाचता येत नाही म्हणून नुसतीच डुलणारी. आणि लंबू! एवढा उंच की उस्तादाच्या चौकटीत कधी त्याचं डोकं मावायचं, कधी पाय. एक्स-रेच्या टेबलावर आडवा पडून तो तडफडत होता, स्टँडला मिठी मारत होता, अंगात हाडंच नसल्यासारखे हात फिरवत होता. मास्तरणीला हसू आलं. लंबू जाऊन अठरा वर्षं झाली होती. अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. मागे बायको आणि दोन वर्षांची लेक.

तिसरं कडवं आलं. नायिकेला पाहून नायकाचं काळीज डावीकडून उजवीकडे सरकतं, अशी काहीतरी त्या कडव्याची अचाट कल्पना होती. उस्ताद हट्टाला पेटला होता की त्यासाठी खरी फिल्मच पाहिजे. जुन्या फिल्म्सवर पेशंटची नावं असायची, त्या वापरायच्या म्हणजे सरांनी सोलूनच काढलं असतं. लंबू म्हणाला, मग माझीच काढा की. रविवार होता, विभाग बंद, किल्ली त्याने गोड बोलून मिळवलेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणाचाही एक्स-रे काढायचा नाही हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम, आणि तो मोडायचा म्हणून तर जास्तच मजा येत होती. लंबूने शर्ट काढला. मास्तरणीने त्याला उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, फिल्म काढली, डार्करूममध्ये धुतली आणि मुद्दाम उलटी करून पेटीवर लावली. उजेडाच्या त्या पेटीवर लंबूचं हृदय खरोखरच पलीकडच्या बाजूला गेलं. सगळे पोट धरधरून हसले.

एकटी मास्तरीण हसली नव्हती. लंबूच्या उंचीमुळे छाती फिल्मवर मावली नव्हती, खालचे दोन्ही कोपरे कापले गेले होते. ती म्हणत होती परत काढू, असलं काम मी दाखवणार नाही. “जाऊ दे गं, खाली काय सोनं पुरलंय?” असं म्हणून लंबूने तिला ओढत नेलं होतं.

उस्तादाने खोलीतले दिवे घालवून कॅमेरा फिल्मच्या अगदी जवळ नेला होता. चार सेकंद पडदाभर फक्त फिल्म. मास्तरणीने घास तोंडात घालता घालता ती पाहिली, सवयीने मनातल्या मनात सरळ करून पाहिली, आणि घास तसाच हातात राहिला.

तिने व्हिडिओ मागे घेतला, थांबवला.

हृदयाच्या सावलीच्या वर, कडेला, एक फुगवटा होता. लिंबाएवढा, गोल, काठ अगदी स्वच्छ. तिथे तो असायला नको होता.

ती उठून मॉनिटरच्या जवळ गेली, मागे झाली, पुन्हा जवळ गेली. लंबू तिरका उभा होता का? नव्हता. कॉलरची हाडं दोन्हीकडे सारखी होती, तिनेच तर ती नीट बघितली होती. तीच तर गोची होती. तिने कॉलरची हाडं बघितली, खांदे बघितले, श्वास पुरता भरलाय का ते फासळ्या मोजून बघितलं, कोपरे बघितले. फोटो कसा आलाय ते सगळं बघितलं, आणि फोटोत काय आलंय ते बघितलंच नाही. तसं बघायचं त्यांना शिकवलेलंही नव्हतं. ते काम डॉक्टरांचं. टेक्निशियनने फोटो नीट काढायचा, फिल्म पुढे पाठवायची आणि तोंड बंद ठेवायचं. पण ही फिल्म कोणाकडे जाणारच नव्हती. चिठ्ठीच नव्हती. या एका छातीवर कोणा डॉक्टरची नजर पडायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती, आणि तीच त्यांची मोठी गंमत होती.

एक्स-रे बघणारी तरुण डॉक्टरीण कॉफीचा कप घेऊन आत आली. मॉनिटरवर नजर गेली तशी थांबली.

“हे काय, उलटं का लावलंय?” आणि मग वाकून, “मॅडम, हे कोणाचं आहे? सीटी केलाय का याचा?”

“नाही.”

“मग बोलवून घ्या ना लगेच. हाडांवरून तरुण दिसतोय, या वयात ही गाठ बहुतेक साधी निघते, काढून टाकली की माणूस मोकळा. पेशंट कुठे आहे?”

“जुना फोटो आहे,” मास्तरीण म्हणाली. “बोलावता यायचं नाही.”

डॉक्टरणीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती कॉफीचा कप घेऊन परत बाहेर गेली. पोरगी शहाणी होती.

डबा तसाच बंद झाला. दुपारभर मास्तरणीने छात्या काढल्या. लंबू सत्ताविसाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकायला लागला तेव्हाचा हॉस्पिटलचा कॉरिडॉर तिला जसाच्या तसा दिसत होता. सर्जन बाहेर येऊन म्हणाले होते, गाठ हळू वाढणारी आहे, पाच-सहा वर्षं तरी आत असणार. आधी कळली असती तर सहज निघाली असती, आता तिने सगळीकडे हातपाय पसरलेत. हे ऐकायला तिथे दोघीच होत्या, लंबूची बायको आणि मास्तरीण. मास्तरणीनेच वहिनींचा हात धरला होता. मास्तरणीनेच त्यांना म्हटलं होतं, वहिनी, कोणाला कळणार होतं हो? तिला आता त्या वाक्याची शिसारी आली.

संध्याकाळी तिने उस्तादाला फोन केला. फिल्मवर काय दिसलं ते सांगितलं.

“मला काय ते दिसलं नाही,” तो म्हणाला. “मी तर सगळं विसरलोय. नक्की आहे ना?”

“नक्की आहे. आणि रविवारी हॉलमध्ये अख्खा वर्ग असणार, उस्ताद. रोज सकाळ-संध्याकाळ हेच बघणारे. पुढच्या रांगेत वहिनी आणि लेक.”

“बघितलं होतं की सगळ्यांनी तेव्हा. गॅदरिंगमध्ये.”

बघितलं होतं खरं. तेव्हा एवढासा टीव्ही, खालून आरडाओरडा, पंख्याची घरघर, आणि पोरं सगळी शिकाऊ. ज्यांना कळलं असतं त्या सरांनी एवढंच बघितलं होतं की फिल्म चिठ्ठीवाचून काढली आहे. रागाने लालबुंद होऊन त्यांनी चौघांना आठवडाभर डार्करूम घासायला लावली होती.

“झाकतो मी,” उस्ताद शेवटी म्हणाला. “चार सेकंदांचं काम आहे. तिथे एक फडफडणारं बदाम टाकतो, लाल. लग्नाच्या व्हिडिओत टाकतो तसलं. कोणाला संशय येणार नाही.”

“टाक,” मास्तरीण म्हणाली. तिला फार दमायला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बदाम आलं. बदाम छान फडफडत होतं. मास्तरणीने त्यात एकही चूक काढली नाही, यावरूनच उस्तादाने काय ते ओळखलं असेल. तिने ठरवून टाकलं की विषय संपला. आता सांगून लंबू परत येणार नव्हता. वहिनींनी अठरा वर्षांत कसंबसं घर उभं केलं होतं, त्याला उगाच धक्का कशाला लावायचा? सगळे मुद्दे बिनतोड होते. फक्त ते स्वतःला पटवता पटवता ती रात्री जेवताना नवऱ्याच्या ताटात दोनदा मीठ वाढून गेली.

गुरुवारी वहिनींचा फोन आला. आवाजात इतकी खुशी की मास्तरणीला तो ओळखूच येईना.

“ताई, रविवारी लेक पण येतेय हं! परीक्षा सोडून येतेय, मी नको म्हटलं तरी ऐकेना. तिने बाबांना कधी हलताना बघितलंच नाही हो. आमच्या लग्नाला उस्तादांना यायला जमलं नाही, नुसते फोटो काढलेले, व्हिडिओ कुठला. फोटोत हे कायम ताठ, पास काढायला बसल्यासारखे. ती विचारते, बाबा चालायचे कसे? आता कसं दाखवू चालून?” वहिनी हसल्या. “पूर्ण आहे ना व्हिडिओ? त्यातलं काही कापलेलं, पुसलेलं नाही ना?”

मास्तरणीने तोंड उघडलं. नाही, सगळा आहे, एवढं म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत तिने हजारो माणसांच्या फिल्म्स पाहून चेहरा कोरा ठेवला होता. बाहेर ताटकळणाऱ्या आयांना, नवऱ्यांना, काय दिसतंय हो म्हणून हात जोडणाऱ्यांना, डॉक्टर सांगतील म्हणून शांतपणे वाटेला लावलं होतं. ते सगळं तिला जमलेलं होतं. हे जमेना.

“उद्या दुपारी घरी आहात का?” ती म्हणाली. “येते मी.”

वहिनी पडदे शिवायच्या. दोन खोल्यांचं घर, आणि दोन्ही खोल्यांत कोणाच्या ना कोणाच्या खिडक्यांचं कापड पसरलेलं. मास्तरीण गेली तेव्हा मशिनवर एक लांबच लांब निळा पडदा चढला होता आणि त्याचं टोक जमिनीला लागू नये म्हणून खुर्चीवर ठेवलं होतं. वहिनींनी ते टोक उचलून तिला बसायला जागा केली, चहा केला, आणि “बोला, माझे कान इकडे, हात तिकडे” म्हणून पुन्हा मशिनवर बसल्या.

मास्तरणीने सांगितलं. फिरवून फिरवून सांगायचं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून एकदम सगळं बाहेर पडलं. फिल्म तिने काढली, नियम मोडून काढली, म्हणून ती कोणी वाचली नाही. गाठ तेव्हाच होती. स्पष्ट होती. ती फिल्म सगळ्यांसमोर लावून ते सगळे तिच्यापुढे नाचले, आणि आता ती झाकायला उस्तादाने वर बदाम टाकलंय.

कोणत्या वाक्याला मशिन थांबलं ते तिला नंतर आठवेना.

“सहा वर्षं आधी?” वहिनी म्हणाल्या.

“सहा वर्षं.”

वहिनी उठल्या. मास्तरणीला वाटलं, आता दार दाखवतील. पण त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्या एक मोठं तपकिरी पाकीट घेऊन आल्या. त्यातून त्यांनी फिल्म काढली. कडांना पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला मोडलेली. खालचे दोन्ही कोपरे कापलेले.

“ही का?”

मास्तरणीला ती हातात घ्यावी लागली नाही. “ही तुमच्याकडे कशी?”

“यांनीच आणली होती तेव्हा, सरांच्या हाती लागू नये म्हणून. शेवटच्या आजारपणात ट्रंकेतून काढून घेतली. रोज सकाळी खिडकीच्या काचेला लावून बघत बसायचे. तासतासभर. मी विचारलं, काय बघता हो एवढं? म्हणाले, माझा हीरोचा फोटो आहे, मास्तरणीने काढलेला.” वहिनींनी फिल्मचा मोडलेला कोपरा सरळ केला. “म्हणाले, खाली थोडा कापला गेलाय. पण तिच्यासमोर याचं नाव काढू नकोस. तिला फार लागेल.”

मशिनचा छोटा दिवा जळत होता. मास्तरणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली, नाक वाहेपर्यंत, मुलांसारखी. त्या दिवसांत दर गुरुवारी ती त्याला भेटायला जायची. दर गुरुवारी लंबू तिला म्हणायचा, ते तिसरं कडवं म्हण गं. आणि ती म्हणायची. तो उशीला टेकून, डोळे मिटून ऐकायचा, आणि काळीज सरकतं तिथे अगदी वेळेवर हसायचा. त्याला ठाऊक होतं. तोही एक्स-रेवालाच होता. फिल्म खिडकीला लावल्याबरोबर त्याला कळलं असणार, आणि तरी त्याने चेहरा कोरा ठेवला. आयुष्यभर तिने परक्यांपुढे जे केलं ते त्याने मरतामरता तिच्यापुढे केलं.

वहिनी रडल्या नाहीत. त्या फिल्म मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“एक विचारू? खरं सांगायचं. डॉक्टर सांगतील म्हणायचं नाही.”

“विचारा.”

“तेव्हाच कोणी बघितलं असतं तर?”

“ऑपरेशन झालं असतं. बहुतेक—”

“बहुतेक नको.”

“वाचला असता,” मास्तरीण म्हणाली.

वहिनींनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग त्यांचा आवाज चढला, आणि तो चढलेला आवाज मास्तरणीने कधी ऐकलेला नव्हता. “वीस वर्षांची पोर आहे माझी. बापाची चाल कशी होती ते मला विचारते. आणि तुम्ही नाचत होता! चाळीस जण शिकत होता, चाळीस जणांपैकी एकालाही... आणि मी तुमचा हात धरून रडले त्या दिवशी!”

“हो,” मास्तरीण म्हणाली. आपल्याला कळत नव्हतं, आपण मुलं होतो, असं काहीबाही तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“जा तुम्ही आता.”

मास्तरीण उठली. दारात चपला घालताना मागून वहिनी म्हणाल्या, “ते बदाम काढायला सांगा. जसं आहे तसं लावा. लेकीला मीच सांगेन, माझ्या वेळेने सांगेन. रविवारी तिला तिचा बाप बघू दे.”

शनिवारचा दिवस कसा गेला ते मास्तरणीला विचारून उपयोग नव्हता. पन्नासेक छात्या झाल्या एवढं रजिस्टर सांगत होतं.

रविवारी सकाळी हॉल भरला. गिरणीने सगळ्यांच्या गळ्यात जुन्या टोपणनावांच्या पाट्या अडकवल्या होत्या, माइक तिच्या हातून काढून घ्यायला तीन माणसं लागली होती. पोटं सुटली होती, केस गेले होते, सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. वहिनी आल्या, पुढच्या रांगेत बसल्या, मास्तरणीकडे त्यांनी पाहिलं नाही. शेजारी लेक. ती चालत आली तेव्हाच मागच्या रांगांत कुजबुज झाली होती. तेच लांबच लांब हात, बसताना गुडघे कुठे ठेवावेत ते न कळून होणारी तीच धांदल.

उस्तादाने दिवे घालवले.

गाणं सुरू झालं आणि हॉल नुसता फुटला. मास्तरीण डुलायला लागली तेव्हा टाळ्या पडल्या. लंबू टेबलावर तडफडायला लागला तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. लेक पुढे सरकून खुर्चीच्या काठावर आली होती. बाप स्टँडला मिठी मारत होता आणि ती आईचा दंड गदागदा हलवत, पाणी येईपर्यंत हसत होती.

मग पडदाभर फिल्म आली.

पहिल्या सेकंदाला सगळे हसतच होते. दुसऱ्याला उजवीकडचं हसणं तुटलं. मग मधलं, मग मागचं. कोणीतरी, हे काय, एवढंच बोललं आणि थांबलं. सगळ्यांचं रोजचं काम ते. कोणाला सांगावं लागलं नाही. फिल्म जाऊन लंबू पुन्हा नाचायला लागला तरी हॉलमध्ये फक्त गाणं वाजत होतं आणि लेकीचं एकटीचं हसणं ऐकू येत होतं. तिलाही ते जाणवलं. हसता हसता ती गोंधळली, आणि सगळे गप्प का झाले ते बघायला तिने मागे मान वळवायला सुरुवात केली. वहिनी पुतळ्यासारख्या समोर बघत होत्या. त्यांचा हात लेकीच्या गुडघ्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

मास्तरीण हसली.

मोठ्याने हसली. तिच्याच कानांना ते हसणं कुठल्यातरी पत्र्यावर पडल्यासारखं लागलं, पण ती थांबली नाही. पडद्याकडे बोट दाखवून, टाळ्या पिटत, “अगं बाई, बघा बघा त्याचे हात!” म्हणून ओरडली. शेजारी गिरणीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या; मास्तरणीने तिला कोपराने ढोसलं तशी तीही हसायला लागली. मग उस्ताद. मग एकेक करून मागच्या रांगा. कोणाला जमलं, कोणाचा आवाज मध्येच चिरकला, पण अंधारात तेवढं खपून गेलं. लेकीने सगळ्यांना हसताना पाहिलं आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली.

गाणं संपलं. दिवे लागायच्या आधीच लेक उभी राहिली.

“काका, एकदा परत लावा ना. प्लीज. पहिल्यापासून.”

उस्तादाने अंधारात मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान वळवली नाही, फक्त लेकीला हात धरून खाली बसवलं.

“लाव,” मास्तरीण म्हणाली.

त्याने लावलं. या वेळी फिल्म केव्हा येणार ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ती आली तेव्हा सगळेच्या सगळे अगदी वेळेवर हसले. मास्तरणीचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.